कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, ८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या भारतीय जीवशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या. आनुवंशिक प्रवृत्ती, संप्रेरके आणि विषाणू यांचा कर्करोगाशी असलेला संबंध हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उभारलेली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा ही देशातील अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. १९६६ ते १९७० या काळात त्या या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. भारत सरकारने १९८२ साली त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले.

बालपण व शिक्षण

कमल यांचा जन्म पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्रज्ञ असून फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. आईचे नाव शांताबाई. आपल्या सर्व अपत्यांना उत्तम शिक्षण मिळावे, असा वडिलांचा कटाक्ष होता आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. कमल यांचे शालेय शिक्षण पुण्यातील हुजूरपागा या मुलींच्या शाळेत झाले. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे व तिचा विवाहही एखाद्या डॉक्टरशी व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र जीवशास्त्राची वाट निवडली. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून विशेष प्रावीण्यासह विज्ञानाची पदवी मिळविली.

पदव्युत्तर शिक्षणासाठी त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. सीताफळ व रामफळ ज्या वनस्पतिकुळात मोडतात, त्या कुळाचे पेशीआनुवंशिकी हा त्यांचा विशेष विषय होता. १९४३ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. पेशीतील गुणसूत्रांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची जी सवय या अभ्यासात लागली, ती पुढे कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास करताना त्यांना उपयोगी पडली.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईत स्थायिक झाल्या. विवाहानंतरच्या शिक्षणात पतीचे त्यांना मोठे साहाय्य लाभले.

टाटा मेमोरियल रुग्णालय व डॉक्टरेट

मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. कर्करोगावरील उपचारांना वाहिलेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील आधुनिक विकृतिविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत खानोलकरांची गणना होते. रणदिवे या रुग्णालयात काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन सुरू केले. १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. पदवी दिली.

कर्करोग सर्व समाजांत सारख्या प्रमाणात आढळत नाही, ही गोष्ट खानोलकरांच्या संशोधनातून ठळकपणे पुढे आली होती. मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होते. हिंदू स्त्रियांत चित्र याच्या उलट होते. विवाहाचे वय, अपत्यांची संख्या, आहार, चालीरीती आणि समाजातल्या समाजात होणारे विवाह या सर्वच बाबतींत या समाजांत फरक होता. त्यामुळे या तफावतीचे कारण रक्तात शोधावे की राहणीत, हा प्रश्न उभा राहिला. रणदिवे यांच्या संशोधनाची दिशा पुढे याच प्रश्नाने निश्चित केली.

बाल्टिमोर येथील प्रशिक्षण

डॉक्टरेटनंतर खानोलकरांच्या प्रोत्साहनाने रणदिवे यांनी परदेशी अभ्यासवृत्ती मिळविली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढविण्याच्या पद्धतीला ऊतिसंवर्धन म्हणतात. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशींपासून ‘हेला’ ही पेशीमालिका तयार झाली. शरीराबाहेर अखंड वाढत राहणारी ती पहिली मानवी पेशीमालिका होय. या पेशी त्या स्त्रीच्या संमतीशिवाय वापरल्या गेल्या होत्या आणि संशोधनातील नीतिनियमांच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख आजही होतो.

ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा

भारतात परतल्यावर रणदिवे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम करू लागल्या. १९५२ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे संस्थापक खानोलकर होते. तेथे प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारण्यात रणदिवे यांचा मोठा वाटा होता.

पेशी शरीराबाहेर जगवायच्या तर त्यांना क्षार, शर्करा, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे व रक्तद्रव असलेले पोषक माध्यम पुरवावे लागते. तापमान शरीराइतकेच, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सियस ठेवावे लागते. सर्व उपकरणे पूर्णपणे निर्जंतुक असावी लागतात, कारण एखादा जीवाणू शिरला तरी अनेक आठवड्यांचे काम वाया जाते. यासाठी लागणारी माध्यमे व रसायने त्या काळी परदेशांतून मागवावी लागत. रणदिवे यांनी परदेशांत काम करणाऱ्या काही भारतीय जीवशास्त्रज्ञांना व रसायनशास्त्रज्ञांना मायदेशी परतण्यास प्रवृत्त केले. त्यांच्या साहाय्याने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी पोषक माध्यमे व संबंधित रसायने मुंबईतच तयार केली. त्यामुळे आयातीवरील अवलंबन कमी झाले आणि पेशींवरील प्रयोग सातत्याने करणे शक्य झाले.

आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू

रणदिवे यांचे सर्वांत महत्त्वाचे काम उंदरांतील कर्करोगावर झाले. कर्करोगाच्या अभ्यासासाठी प्राण्यांचे प्रारूप वापरण्याच्या पद्धतीत त्या भारतात अग्रणी होत्या.

सख्ख्या भावंडांचा संकर किमान वीस पिढ्या केला की उंदरांचा शुद्ध वाण तयार होतो. अशा वाणातील सर्व उंदीर आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. काही शुद्ध वाणांतील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, तर काही वाणांत तो क्वचितच दिसतो. वरवर पाहता रोग पूर्णपणे आनुवंशिक आहे, असा निष्कर्ष यावरून निघतो.

तथापि, १९३६ साली अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रोगप्रवण वाणाची नवजात पिल्ले त्यांनी रोगमुक्त वाणाच्या मादीकडे पाजण्यास दिली असता त्या पिल्लांत मोठेपणी कर्करोगाचे प्रमाण बरेच घटले. म्हणजे रोगाला कारणीभूत होणारा एक घटक आईच्या दुधातून जात होता. हा घटक पुढे विषाणू असल्याचे सिद्ध झाले. रोगप्रवण वाणाच्या माद्यांची बीजांडकोशे लहान वयात काढून टाकल्यास अर्बुदे कमी होतात, हे त्याआधीच दिसून आले होते. १९३२ साली फ्रान्समधील आंत्वान लाकासान यांनी स्त्री-संप्रेरक टोचून नर उंदरांतही स्तनाचा कर्करोग निर्माण करून दाखविला होता. या सर्वांतून आनुवंशिक प्रवृत्ती, संप्रेरके व दुधातील घटक या तिन्हींच्या संयोगाने उंदरांत हा रोग होतो, असा सिद्धांत मांडला गेला.

रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन याच चौकटीत झाले. भिन्न प्रवृत्तीच्या वाणांची तुलना करून कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके व अर्बुदजनक विषाणू यांतील संबंध त्यांनी स्पष्ट केला. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेला उंदरांचा एक वाण मुंबईतील केंद्रात विकसित झाला आणि केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखला जातो. रक्ताचा कर्करोग व अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या कारणांचे आकलन होण्यासही या केंद्रातील प्राण्यांवरील प्रयोगांचा उपयोग झाला.

उंदरांतील विषाणूसारखा एखादा विषाणू स्त्रियांतही असावा, अशी त्या काळी अनेक शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. त्यासाठी मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले गेले. त्यांत विषाणूसदृश कण आढळल्याचा अमेरिकी व मुंबईतील संशोधकांचा संयुक्त निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. मात्र स्त्रियांतील स्तनाच्या कर्करोगाचे कारण म्हणून असा विषाणू आजवर सिद्ध झालेला नाही. आनुवंशिकता व संप्रेरके या उरलेल्या दोन घटकांचे महत्त्व मात्र पुढील संशोधनात अधिकाधिक दृढ होत गेले.

कुष्ठरोगावरील संशोधन

कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही आणि हीच त्यावरील लस शोधण्यातील मोठी अडचण होती. ऊतिसंवर्धनाच्या तंत्राचा उपयोग करून चिं. वि. बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून काढलेला एक आम्लरोधी जीवाणू प्रयोगशाळेत वाढविला आणि १९५८ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. हा जीवाणूही ‘आयसीआरसी’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्यापासून पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. माधव देव यांच्या नेतृत्वाखाली कुष्ठरोगावरील लस तयार झाली. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले.

संस्थात्मक कार्य

१९६६ साली टाटा मेमोरियल रुग्णालय व कर्करोग संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले. या स्थित्यंतराच्या काळात, १९६६ ते १९७० दरम्यान, रणदिवे यांनी संशोधन संस्थेच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र व प्रतिकारक्षमताशास्त्र हे नवे विभाग त्यांनी संस्थेत सुरू केले. स्त्रिया व मुले यांच्यातील कर्करोगाच्या अभ्यासाकडे त्यांनी अनेक तरुण संशोधकांना, विशेषतः महिलांना, वळविले. या संस्थेचे काम आता नवी मुंबईतील खारघर येथील केंद्रात चालते.

विज्ञान शिकलेल्या अनेक स्त्रियांना विवाह व अपत्यसंगोपन यांमुळे संशोधन मध्येच सोडावे लागते, हे रणदिवे यांनी जवळून पाहिले होते. १९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. ही संघटना विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांना शिष्यवृत्त्या देते आणि मुलांच्या संगोपनाची सोय पुरविते. नवी मुंबईतील वाशी येथे संघटनेचे मुख्यालय, वसतिगृह व पाळणाघर आहे. देशात तिच्या अनेक शाखा आहेत.

ग्रामीण व आदिवासी भागातील कार्य

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर येथील सत्यनिकेतन या संस्थेच्या सहकार्याने रणदिवे यांनी आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीची पाहणी केली. आदिवासींच्या रक्ताचा प्रतिकारक्षमतेच्या दृष्टीने अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पाशीही त्या संबंधित होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण व आदिवासी भागांत स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देणे आणि आरोग्य व आहार यांविषयी माहिती देणे या कामांत स्वतःला गुंतवून घेतले.

सन्मान

१९६४ साली त्यांना पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. सुवर्णपदक व १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातील कामासाठी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक त्यांना देण्यात आले. १९८२ साली वैद्यकक्षेत्रातील कामगिरीबद्दल त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले.

पुढील संशोधन: स्त्रियांचे कर्करोग व जनुकीय भेद

रणदिवे यांनी अभ्यासलेले तीन घटक स्त्रियांच्या प्रत्येक कर्करोगात सारख्याच प्रमाणात नसतात, हे नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले. गर्भाशय हे याचे चांगले उदाहरण आहे. रणदिवे यांच्या कामाचा हा मुख्य विषय नव्हता, तरी त्यांनी हाताळलेला प्रश्न येथे अधिक स्पष्ट रूपात दिसतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यतः ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. मराठवाड्यातील उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. या विषाणूची तपासणी एकदाच केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे त्यात आढळले. हे काम बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहभागाने झाले. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली असून बार्शीबरोबरच मराठवाड्यातील परांडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत येतात.

गर्भाशयाच्या आतील अस्तराचा, म्हणजेच अंतःस्तराचा कर्करोग याहून वेगळा आहे. त्यात विषाणूची भूमिका दिसत नाही. संप्रेरके व आनुवंशिकता यांचा प्रभाव मोठा असतो. दर महिन्याच्या चक्रात इस्ट्रोजेन हे संप्रेरक अंतःस्तर वाढविते आणि प्रोजेस्टेरोन त्या वाढीस आवर घालते. हा आवर दीर्घकाळ न राहिल्यास अंतःस्तराच्या पेशी बेसुमार वाढण्याची शक्यता वाढते. रजोनिवृत्तीनंतर मेदपेशींत अ‍ॅरोमाटेज या विकराच्या साहाय्याने इस्ट्रोजेन तयार होते, म्हणून लठ्ठपणा हे या रोगाच्या जोखमीचे महत्त्वाचे कारण ठरते.

या रोगाच्या आनुवंशिकतेकडे प्रथम लक्ष गेले ते अमेरिकेत. १८९५ साली मिशिगन विद्यापीठातील विकृतिविज्ञानतज्ज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने आपल्या घराण्यात अनेकांना कर्करोग झाल्याचे सांगितले आणि आपलाही शेवट त्यानेच होईल, अशी भीती बोलून दाखविली. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ तयार करून १९१३ साली प्रसिद्ध केली. त्या स्त्रीचा मृत्यू पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच झाला. १९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि ही अवस्था लिंच लक्षणसमूह या नावाने ओळखली जाऊ लागली. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएच्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांत बिघाड असणे, हे तिचे कारण असल्याचे १९९३ व १९९४ साली लागलेल्या एमएसएच२ व एमएलएच१ या जनुकांच्या शोधांमुळे समजले. वॉर्थिन यांनी अभ्यासलेल्या घराण्यातही एमएसएच२ या जनुकातील दोष २००० साली सापडला.

असे तीव्र परिणाम करणारे जनुकीय दोष थोड्या कुटुंबांतच असतात. अंतःस्तराच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघींमध्ये लिंच लक्षणसमूह आढळतो. याखेरीज, अनेक स्त्रियांत आढळणारे पण प्रत्येकी अल्प परिणाम करणारे जनुकीय भेदही सापडले आहेत. २०११ साली एचएनएफ१बी या जनुकाजवळील भेदाचा या रोगाशी संबंध दिसून आला. अ‍ॅरोमाटेज विकर तयार करणाऱ्या सीवायपी१९ए१ या जनुकातील भेदही जोखमीशी निगडित आहेत. या जनुकातील काही भेदांमुळे रक्तातील इस्ट्रोजेनचे प्रमाण बदलते. उंदरांवरील प्रयोगांत आनुवंशिकता व संप्रेरके यांचा जो परस्परसंबंध दिसला होता, तो येथे एकाच जनुकात एकवटलेला आढळतो.

या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ असा की, आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या प्रत्येकीला रोग होतोच असे नाही आणि प्रवृत्ती आधी समजल्यास रोग टाळता किंवा लवकर ओळखता येतो. एकाच घराण्यात, विशेषतः पन्नाशीच्या आत, गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग अनेकांना झाला असल्यास ती माहिती डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते. त्यानुसार जनुकीय तपासणी, नियमित देखरेख किंवा अपत्यप्राप्तीनंतर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया असे पर्याय विचारात घेता येतात. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव होणे हे या रोगाचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण असून ते थोडेसे असले तरी तपासणी करावी लागते. लातूर जिल्ह्यातील रेणापूरसारख्या ग्रामीण तालुक्यात असे लक्षण वयाचे किंवा अशक्तपणाचे समजून लपविले गेले, की निदानास उशीर होतो. अशी लक्षणे स्त्रियांनी संकोच न करता सांगावीत, यासाठी त्यांच्या विश्वासातील स्थानिक आरोग्यसेविकेची गरज असते. रणदिवे यांनी प्रयोगशाळेतील कामानंतर ग्रामीण स्त्रियांना याच कामाचे प्रशिक्षण दिले होते.